माझं पत्रक आणि आबांचं लिव्हर

आमच्या भागात कावीळ झाली की पोटावर तापलेल्या सळईचा डाग देत. पोट भाजायचं, कावीळ जागच्या जागी. या थोतांडाविरुद्ध आम्ही कार्यकर्त्यांनी पत्रक काढलं. मजकूर माझा: भोंदूला विचारायचे रोखठोक सवाल. सोनगीरच्या बाजारात मी ते वाटलं आणि लोकांनी त्यात शेव बांधून नेली.

ते अक्षर न् अक्षर वाचणारा जिल्ह्यात एकच माणूस निघाला, माझे मोठे काका, आबा. आणि नेमकी त्यांच्याच लिव्हरला गाठ निघाली. कॅन्सरची.

नव्वदीचं दशक सरत आलेलं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "जुन्या काविळीनं लिव्हर खराब झालंय, पोट उघडलेलं झेपणार नाही. पण गाठ एकच आहे, लहान आहे. मुंबईत आता सोनोग्राफीवर बघत कातडीतून सुई थेट गाठीत घालतात, सुईचं टोक तापवतात आणि गाठ आतल्या आत जाळतात. फक्त उशीर नको. गाठ वाढली तर सुईचा उपयोग नाही."

आबा ताडकन उठले ते थेट बस स्टँडवर.

"तापाडेल सयी पोटले लावनारा चोर शे, हाई कोनी लिखं? तूच ना?"

"आबा, ते येगळं शे. हाऊ डॉक्टर शे."

"धोतरवाला डाग दे तो भोंदू, आनि पँटवाला दे तो डॉक्टर? मी डाग लेवाव नई."

घरी काकूचं भलतंच. "डागच लेवाना शे तं मुंबईले कसाले? गावमा ल्या, घरना घर."

मी ओरडून घसा बसवला. बाहेरचा चटका लिव्हरपर्यंत पोचतच नाही, सुई पोचते, एवढी साधी गोष्ट! तिकडे गाठ वाढायला मोकळी, इकडे हा माणूस माझीच वाक्यं माझ्या तोंडावर फेकतोय. शेवटी आबा एका अटीवर डॉक्टरांकडे परत यायला तयार झाले: सवाल ते विचारतील, मी गप्प बसायचं.

केबिनमध्ये त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "तुझ्या उपायानं बरा न झालेला माणूस दाखवशील का?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो. डॉक्टर लाल झाले, मग शांतपणे म्हणाले, "दाखवीन. काहींची गाठ परत येते. काहींना दुसरीकडे नवी निघते. एकदा जाळलं की संपलं, असं मी सांगणार नाही. दर काही महिन्यांनी तपासावं लागेल."

मी मनातल्या मनात डॉक्टरांना शिव्या घातल्या. आधीच बिथरलेला माणूस, आणि हा त्याला आणखी घाबरवतोय! इतका खरेपणा आमच्या पत्रकातसुद्धा नसतो.

आबांनी चष्मा काढला. "हाऊ भोंदू नई शे. भोंदू कधी इतलं खरं बोलस का? मुंबईले कधी जावानं, सांगा."

गाठ जाळून आबा घरी आले. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "सध्या काही दिसत नाही." आबांना त्यातला 'सध्या' फार आवडला. भेटायला येणारे विचारत, "आबा, बरं वाटस ना?"

"आते तं शे. पुढलं डॉक्टरले बी माहीत नई."

आतून काकू कडाडायची, "जरा चांगलं बोला! लोके भेटाले येल शेतस!"