ओढा हलवायचा आहे

आमच्या ऑफिसातल्या फायली दरवर्षी रद्दीत जातात, किस्से मात्र जात नाहीत. चहाला बसलं की एक निघतो आणि त्याच्या मागोमाग दुसरा. निगडी प्राधिकरणात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं बस्तान आहे. माणसं तीनच. इनामदार मॅडम, म्हणजे मालकीण आणि इंजिनीअर. रफीकभाई, म्हणजे सर्व्हेचं यंत्र खांद्यावर टाकून चिखलात उतरणारा माणूस. आणि नकाशे काढणारा मी. कुणाला आपल्या जागेतला ओढा वळवायचा असेल तर तो मनाला येईल तसा वळवता येत नाही, पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. वरचं पाणी सुरळीत जाईल, खालच्याचं नुकसान होणार नाही, हे दाखवावं लागतं. ते दाखवून देण्यासाठी लोक आमच्याकडे येतात. रफीकभाई म्हणतात, "सगळ्यांना विचारतात राव. फक्त ओढ्याला सोडून."

आज एकाच ओढ्याचे सांगतो.

*

चाकणच्या बाजूला एका कंपनीला शेड वाढवायची होती आणि ओढा नेमका मधे. तो उचलून कुंपणाच्या कडेला, काँक्रीटच्या पक्क्या नाल्यात टाकायचा असा बेत होता. भिंतीपलीकडे कमलबाईंची रोपवाटिका. मिरची, टोमॅटो, झेंडू, सगळी रोपं एका विहिरीवर. आम्ही पहिल्या दिवशी यंत्र लावलं तेव्हा त्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या.

"वढा कुटं बी न्या. पर माझ्या हिरीला पाणी यायचं का न्हाई, तेवढं सांगा."

आमच्या मॅडमकडे कशाचंही उत्तर तयार असतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "माहीत नाही हो. शोधते."

*

कंपनीचे मॅनेजर साळवी माणूस भला, पण ओढा म्हटलं की चिडायचे. "अहो, हे गटार आहे, गटार! पूर्वी असेल ओढा." गमबूट घालून पाण्यात उभं राहून ते आम्हाला हे पटवत होते. तेवढ्यात एक भलाथोरला खेकडा त्यांच्या बुटावर चढला आणि नांग्या उगारून बसला. साळवी जागच्या जागी गार.

रफीकभाईंनी यंत्रावरचा डोळासुद्धा काढला नाही. "साहेब, जुने रहिवासी दिसतात. हरकत नोंदवायला आलेत."

गटार हा शब्द साळवींनी त्या दिवशी सोडला. मी मात्र तो खेकडा दगडाखाली दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. बाहेर ट्रेलरचे हॉर्न, आत प्रेसचे दणके, आणि याचा संसार इथंच. मला खरंच नवल वाटलं.

*

मग साळवी कंपनीचा नकाशा घेऊन ऑफिसात आले. प्लॉट चौकोनी, म्हणून नवा नालाही चौकोनी. कोपऱ्यात आला की सरळ काटकोन.

मॅडम म्हणाल्या, "साळवीसाहेब, पाणी काय फोर्कलिफ्ट आहे, कोपऱ्यावर हॉर्न देऊन वळायला?"

साळवी म्हणाले, "काँक्रीट भक्कम केलं की वळेल."

मॅडमनी दोन पट्ट्या काटकोनात टेबलावर धरल्या आणि पेल्यातलं पाणी मधून सोडलं. पाणी कोपऱ्यापर्यंत नीट गेलं, पट्टीवर चढलं आणि साळवींच्या पॅन्टवर उतरलं. त्यानंतर नकाशात लांबलचक, सावकाश वळणं आली. त्या वळणांत बरीचशी जागा गेली आणि साळवींची झोपही.

*

खात्याचे उपअभियंता सोनवणे साहेब भर पावसाळ्यात पाहणीला आले, ते पिशवीत नारळ घेऊन. साहेब भाविक दिसतात असं वाटून साळवींनी पळापळ करून हळदकुंकू आणलं, हार आणला, फोटो काढायला सिक्युरिटीवाल्याला उभं केलं. साहेबांनी नारळ पाण्यात सोडला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. साहेबांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि काठानं चालायला लागले!

पाण्याचा वेग मोजायची ही जुनी रीत. नारळ अर्धा बुडून चालतो, त्यामुळे वाऱ्यानं फारसा भरकटत नाही. साहेबांच्या मागून आम्ही सगळे. नारळ वळणावर रेंगाळायचा, दगडांच्या फटीतून अंग चोरून निघायचा, पुन्हा वेग घ्यायचा. सिक्युरिटीवाल्यानं टोपी काढली होती, ती त्याच्या हातातच राहिली.

नारळ भिंतीखालच्या मोरीतून पलीकडे गेला. साळवी वळसा घालून धावले, तोवर कमलबाईंनी तो फोडलासुद्धा. "परसाद म्हनून घ्या," म्हणत त्यांनी साहेबांपासून सगळ्यांना खोबरं वाटलं. आणि साहेबांनाही तेच विचारलं, "माझ्या हिरीचं काय?"

*

उन्हाळ्यात ओढा आटला. साळवी खुशीत फोटो घेऊन खात्यात गेले. "साहेब, पाण्याचा थेंब नाही. ओढाच नाही, तर परवानगी कसली?"

सोनवणे साहेब म्हणाले, "तुमची कंपनी गुरुवारी बंद असते. म्हणून मी कंपनी नाही असं लिहू का?"

आणि त्यांनी अट घातली. विहिरीचं पाणी कुठून येतं ते आधी दाखवा, मग शेडचं बोलू.

*

मॅडमनी त्या कोरड्या पात्रात जेसीबीनं खड्डा घ्यायला लावला. वर नुसती धूळ. दोन पुरुष खोलीवर वाळू काळी झाली, मग ओली, आणि मग चारी बाजूंनी पाणी पाझरायला लागलं. काचेसारखं स्वच्छ. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरून बघत बसला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक तांबे स्वतः आले. एका लेथ मशीनवर धंदा सुरू केलेला माणूस, स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा. कमलबाईंनी त्यांना विहिरीच्या कडेला खुर्ची दिली. तांब्यांनी फोन करून खड्ड्यात पाणी उपसायला बसवलेला पंप चालू करायला सांगितला.

चहा होईस्तोवर विहिरीच्या आतल्या दगडांवर ओल्या काळ्या रंगाचा पट्टा उघडा पडला. पंप तिकडे, भिंतीच्या आत. पाणी इकडे उतरत होतं.

"बंद करा," तांबे फोनवर म्हणाले.

जेवणं झाली. तांबे जेवायला उठले नाहीत. पट्टा खालून एकेक दगड बुडत बुडत नाहीसा झाला.

"परत चालू करा."

पट्टा परत दिसायला लागला. तांबे खुर्चीवरून उतरून काठावर उकिडवे बसले होते.

"बंद करा."

ऊन कलेपर्यंत पाणी पुन्हा जागेवर आलं. तांब्यांनी पुन्हा फोन कानाला लावला. तेव्हा कमलबाई हळूच म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ द्या, सायेब. दमली आसंल ती."

तांब्यांनी फोन खिशात ठेवला. मग मॅडमना म्हणाले, "ओढा आहे तिथंच राहू दे. शेड किती आखूड करता येईल, ते काढा."