कार्बोरेटरात गंगा

तीस वर्षं मी तंत्रनिकेतनात पोरांना पेट्रोल इंजिन शिकवलं. प्रत्यक्षात मला एकच इंजिन चालू करता येतं, स्कूटरचं. (बटणाने.)

हे गुपित फुटलं ते माझ्या मुलीच्या, सायलीच्या साखरपुड्याच्या सकाळी. कार्यक्रम नाशिक रोडच्या आमच्या घरापुढच्या अंगणात होता आणि तिथलं गवत गुडघ्याला लागत होतं. "माळी बोलवा," असं बायको, सुमन, आठवडाभर सांगत होती.

"इंजिनाच्या मास्तरांकडे माळी? लोक काय म्हणतील!"

मी मित्राकडून गवत कापायचं मशीन मागून आणलं. आदल्या दिवशीच स्कूटरमधून नळीने पेट्रोल काढून पांढऱ्या कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. सकाळी कॅन आणला, टाकीत ओतला, दोरी ओढली.

फुर्रर्र... फुस्स!

चोक दिला. फुस्स! चोक काढला. फुस्स! एक पाय मशीनवर रोवून असा काही हिसडा दिला की इंजिन जागचं हललं नाही, कंबर मात्र हलली. आणि तेवढ्यात फाटकातून मनमाडची मंडळी आत! गाडीने नेमकी आजच वेळ पाळली होती. सगळ्यात पुढे व्याही देवरे, रेल्वेच्या डिझेल इंजिनांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले.

"काय सर, चालू होत नाय का?"

"होतंय हो! जरा गरम होतंय."

"मी वढू?"

"छे छे, तुम्ही पाहुणे! चहा घ्या."

देवरे कसले हलतात! मग मी वर्गच भरवला. प्लग खोलला, तर तो ओलाचिंब. मी तो उंच धरला. "बघा, प्लग ओला आहे. म्हणजे पेट्रोल व्यवस्थित पोचतंय. दोष ठिणगीचा!" मनमाडकरांनी आदराने माना डोलावल्या. नव्या कुडत्याने प्लग पुसून बसवला, दोरी ओढली. आता तर फुर्रर्रसुद्धा गेलं!

देवरेंनी टाकीचं झाकण काढून बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. "सर, याला वास नाय."

"मला सर्दी आहे. मला कशालाच वास येत नाही."

"पन मला सर्दी नाय ना." त्यांनी बोट जिभेला लावलं. "सर, निव्वळ पाणी हाय हे!"

मी जागच्या जागी गारठलो. माळ्यावर दोन पांढरे कॅन शेजारी शेजारी होते. एकात माझं पेट्रोल, दुसऱ्यात सुमनने पूजेसाठी रामकुंडावरून आणलेलं गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी. गंगा माझ्या कार्बोरेटरात शिरली होती. मग पेट्रोल?

इतक्यात आतून गुरुजींचा आवाज आला, "वहिनी, गंगेचं पाणी फारच बिघडलंय हो! काय हा वास!"

धावलो. पाटावर कलश काठोकाठ भरलेला, वर आंब्याची पानं. शेजारी समईत तेलवात तयार. गुरुजींच्या एका हातात काडी, दुसऱ्यात काडेपेटी.

"गुरुजी, काडी ओढू नका! कलशात पेट्रोल आहे!"

साठी उलटलेल्या माणसाला मी इतक्या वेगाने फाटक गाठताना पाहिलेलं नाही.

"अगं, तुला वास कसा नाही आला?" मी सुमनवर ओरडलो.

"कालपासून तुमच्याच अंगाला पेट्रोलचा वास येतोय! मला वाटलं, तुम्हीच मागे उभे आहात!"

देवरे शांतपणे कलश उचलून बाहेर घेऊन गेले. पानं काढली, टाकी रिकामी केली, कार्बोरेटर खोलून फुंकला, कलशातलं पेट्रोल ओतलं. एकच झटका, आणि धडधडधड! मग साखरपुड्याच्या कोऱ्या सफारीत, मुलाच्या बापाने, मुलीच्या घरचं सगळं अंगण कापून काढलं. मागून मी टोपलीत गवत गोळा करत होतो.

गुरुजींना शेजाऱ्यांच्या ओट्यावरून समजावून परत आणलं आणि साखरपुडा पार पडला. समई अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला लावली, आणि ती लागेपर्यंत मला आत कोंडून ठेवलं होतं.

पुढे दोन्ही घरांनी बसून लग्नाच्या कामांची यादी केली. माझ्या नावापुढे सुमनने लिहिलं, 'खुर्चीवर बसणे.' देवरेंनी पेन मागून घेतलं आणि कंसात एकच शब्द वाढवला: 'लांब.'