कुत्रीला देवी टोचल्या

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि एका वासराला चावून गेलं, तेव्हा वडील पलटणीतून रजेवर आले होते. पलटणीत ते खेचरांकडं असायचे, त्यामुळं जनावरांना सुया टोचताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी आमच्या कुत्रीला पोत्यात घातलं, मला बरोबर घेतलं आणि मोटारीनं थेट मिरजेचा जनावरांचा दवाखाना गाठला. वाटेत अख्खी मोटार आम्हाला हसत होती.

"बाटलीत काय आहे?" सुई भरणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं.

"पिसाळण्याचाच रोग. पण मारलेला."

मेलेला रोग जिवंत रोगाला अडवतो कसा? परतताना मी वडिलांचं डोकं खाल्लं. "पलटणीत इचारत न्हाईत, टोचून घेत्यात," एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पलटणीत परत गेले.

आईला मात्र काहीच प्रश्न नव्हता. टोचलं म्हणजे देवी. मला टोचल्या होत्या तेव्हा जे जे केलं, ते सगळं तिनं कुत्रीसाठी केलं. घरात फोडणी बंद, कुत्रीला दहीभात, दाराला कडुलिंबाचा डहाळा. बिनफोडणीच्या आमटीचा मला भयंकर राग यायचा. कुत्री खूश होती.

अशातच गावकीनं ठरवलं, गावातली झाडून सगळी कुत्री मारायची. दुपारी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. कुत्री माजघरात पोत्यावर पडली होती. ती भुंकली तर संपलंच.

"आवं वैनी, कुत्री बाहीर काडा."

आई दारातून हलली नाही. तेवढ्यात पुढच्या माणसाचं लक्ष डहाळ्याकडं गेलं.

"घरात देवी हायती व्हय?"

"व्हय."

"कुणाला?"

"माज्या लेकराला," आई म्हणाली. तिला खोटं बोलता यायचं नाही. तिच्या लेखी ते खरंच होतं.

मी तिच्या पदराआड उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग काठ्या खाली ठेवल्या, वहाणा काढल्या आणि उंबऱ्याला हात जोडले. "देवीआई, चुकलं," म्हणत माणसं मागे फिरली. डहाळा उतरेपर्यंत गावाचा रागही उतरला होता.

दर वर्षी टोचावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या रजेत वडिलांना मी ही हकीकत सांगितली, तर ते पोट धरून हसले. कुत्रीला कुणी वाचवलं, सुईनं की डहाळ्यानं, असं मी विचारलं. कुत्रीला घेऊन मिरजेला निघण्याआधी ते स्वतःच कडुलिंबावर चढले.