पेटीतला एकोणिसावा दिवस

मंगळवारी सकाळी सव्वाआठला आत्याच्या अंडी उबवायच्या पेटीतला कंट्रोलर रीसेट झाला. आमच्या गावात, डिंभ्यात, शेतीपंपांची थ्री-फेज वीज त्याच वेळी आली होती. शेतांतल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी ऑटोवर ठेवलेल्या. वीज येताच त्या एकदम सुरू झाल्या आणि घरातले दिवे मंदावले.

पेटी मी केली होती: थर्माकोलचा खोका, एक बल्ब, दर तासाला अंडी फिरवणारी छोटी मोटर आणि हे सगळे चालवणारा कंट्रोलरचा बोर्ड. आत अकरा अंडी होती. ती घालणारी कोंबडी मुंगसाने नेली होती. तिच्या आईलाही आत्यानेच वाढवले होते. त्यांच्यामागे आता ही अंडीच उरली होती.

पिल्ले एकविसाव्या दिवशी निघतात. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात. आतले पिल्लू चोच वर करून बाहेर पडायच्या तयारीत असते. मंगळवार हा एकोणिसावा दिवस होता. मोटर फिरू लागली.

"आरं, आजपासनं हालवायची न्हाईत म्हनला व्हतास ना?" आत्या म्हणाली आणि तिनेच मोटरची वायर उपटली.

बोर्डवरच्या छोट्या स्क्रीनवर 'दिवस १' दिसत होते.

व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की चिप थांबते. ते सावरले की ती क्षणभर वाट पाहते, तात्पुरती मेमरी पुसते आणि प्रोग्राम पहिल्यापासून चालवते. दिवसांचा आकडा मी त्याच मेमरीत ठेवला होता.

मी हे आत्याला सांगितले.

"म्हंजी झोपंतनं उठलं की समदं इसरतंय व्हय? माजी कोंबडी दानं खायला उठायची, पर अंडी कंदी इसरली न्हाई."

लॅपटॉप जोडून मी एकोणीस हा आकडा कायमच्या मेमरीत लिहिला. बोर्ड सुरू होताच आधी तोच वाचेल, अशी ओळ घातली. मग आत्याला रीसेटचे बटण दाखवले.

"दाबू? आतल्यान्ला काय व्हनार न्हाई ना?"

"नाही."

तिने करंगळीने दाबले. स्क्रीन काळी झाली आणि 'दिवस १९' उमटले. तिने वायर परत लावली. आम्ही तासभर पेटीपाशी बसलो. मोटर हलली नाही.

गुरुवारी आत्या शेतात गेली नाही. दुपारी तीनपर्यंत आठ पिल्ले बाहेर आली. तीन अंडी फुटली नाहीत.