वैधव्याची तालीम

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच निघाले होते. शनिवार होता. दिल्लीत मुनिरक्याच्या स्टॉपवर बसची वाट पाहत उभी होते. फोन त्यांच्या शेजारच्या भाटियाबाईंचा. "नलिनी जी, भाईसाब दरवाज़ा नहीं खोल रहे. आप कहाँ तक पहुँचीं?" मी म्हटलं, घंटी बिघडली असेल, जोरात ठोका. त्या म्हणाल्या, "खोल लिया है जी... गार्ड ने ताला तोड़ के. आप बस आ जाइए." बस आली, मी चढले, तिकीटसुद्धा काढलं. आश्रम नावाच्या चौकात नेहमीसारखीच गाडी अडकली आणि मी खिडकीशी बसून राहिले. खरं सांगायचं तर मला रडू येत नव्हतं, राग येत होता. ताई गेल्याला वर्ष व्हायला काही आठवडेच राहिले होते. तेवढे काढले असते तर या माणसाचं काय बिघडलं असतं, हा एकच विचार मयूर विहार येईपर्यंत डोक्यात होता.

हा राग वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, म्हणून आधी भाऊजींचा धंदा सांगते. प्रभाकर हे माझ्या थोरल्या बहिणीचे, शशीताईचे यजमान. व्यवसायाने अ‍ॅक्च्युअरी. मराठीत विमागणिती म्हणतात म्हणे, पण आमच्या घरात तो शब्द कुणी कधी वापरला नाही. कोणत्या वयाची किती माणसं मरतात, कोणती जास्त जगतात, आणि मग विम्याचा हप्ता किती लावायचा, याचं ते गणित करत. नागपुरात ताईला बघायला आले तेव्हा आमच्या बाबांनी विचारलं, "नोकरीत नेमकं काय करता?" हे सरळपणे म्हणाले, "माणसं कधी मरतील ते मोजतो." बाबा रेल्वेतले. ते दचकून म्हणाले, "म्हणजे घाटावर असता का?" आत ताई हसली, आणि लग्न तिथेच ठरलं असं आम्ही मानतो. पुढे मी दिल्लीला अनुवादकाच्या सरकारी नोकरीत आले, लग्न केलं नाही, आणि ताईचं घर हेच माझं माहेर झालं. एकदा मी भाऊजींना सहज विचारलं होतं, मी कधी जाणार सांगा बरं. म्हणाले, "एका माणसाचं कुणालाच सांगता येत नाही. एक लाख नलिनी घेऊन ये, मग किती उरतील ते सांगतो." एक नलिनी सांभाळताना नाकी नऊ येतात, लाख कुठून आणू, असं ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

ते अजून कनॉट प्लेसच्या सरकारी विमा कचेरीत होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या विभागातला एक तरुण अधिकारी अचानक गेला. त्याची बायको कागदांवर सह्या करायला आली आणि तिला नवऱ्याचं बँकेत खातं कुठे आहे तेही माहीत नव्हतं. चार माणसं चार बाजूंनी बोलत होती आणि ती नुसती मान हलवत होती. भाऊजी त्या दिवशी घरी आले ते ताईसमोर बसून म्हणाले, "हे आपल्याकडे होणार नाही." मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुढे ताईला बघणारं कुणी नाही ही काळजी त्यांना आधीपासून होतीच. ताई त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, त्यात बाईमाणूस, आमची आजी तेव्हा धडधाकट नव्वदीकडे चाललेली. त्यांच्या हिशेबाने ताई त्यांच्यामागे पुष्कळ वर्षं राहणार हे नक्की होतं. झालं, दर रविवारी ताईची शाळा सुरू झाली. आयकराचा अर्ज, बँकेचा लॉकर, विजेचा फ्यूज, प्लंबरशी हिंदीत भांडणं. मारुती घेतली तेव्हा तर नोएडाकडच्या ओसाड रस्त्यांवर पहाटे ताईला घेऊन जात आणि स्वतः शेजारी हाताची घडी घालून बसत. दुसऱ्या बायकांचे नवरे त्यांना साड्या आणतात, माझा मला वैधव्य आणून देतो, असं ताई म्हणायची. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून हसायची.

या शाळेची परीक्षाही असे. एखाद्या रविवारी सकाळी चहा झाला की भाऊजी जाहीर करत, "आज मी नाही." म्हणजे ते मेले आहेत असं समजायचं. मग दिवसभर ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसून राहत. फोन वाजो, पाण्याचा टँकर येवो, सोसायटीचा सेक्रेटरी दारात भांडायला येवो, ते हूं की चूं करत नसत. सगळं ताईने निभवायचं. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा म्हटलं, भाऊजी, हे अभद्र आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही. अर्थात, ते नव्हतेच! ताईने मात्र त्यांना एकदा चांगलाच धडा दिला. दुपारी तिने पानं घेतली ती दोनच, तिचं आणि माझं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा. भाऊजी बाल्कनीतून वास घेत राहिले आणि शेवटी दारात येऊन उभे राहिले. "गेलेल्या माणसाला जेवण कशाला?" ताई त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली. बिचारे चप्पल घालून खाली मार्केटात छोले कुलचे खाऊन आले. पण पुढच्या महिन्यात परत 'आज मी नाही' होतंच.

मग विमा धंदा खाजगी कंपन्यांना मोकळा झाला आणि भाऊजींना गुडगावच्या एका नव्या कंपनीने ओढून घेतलं. यमुनेपलीकडच्या मयूर विहारातून रोज गुडगाव म्हणजे अर्धं आयुष्य गाडीत. काचेची इमारत, खाली कॉफीचं मशीन, आणि तिच्या मागच्या अंगाला अजून मोहरीची शेतं. तिथे त्यांच्याकडे पेन्शनचं काम आलं. आजवर ते माणसं लवकर मेली तर काय हे बघत होते, आता जास्त जगली तर काय हे बघू लागले. भारतातली माणसं पूर्वीपेक्षा जास्त जगताहेत, यावर त्यांचं संशोधन चालू झालं. तरुण मुलं मीटिंगमध्ये म्हणायची, "सर, ये तो गुड न्यूज़ है ना?" भाऊजींना ते बोलणं आवडत नसे. घरी येऊन सांगायचे की आयुष्याला जी वर्षं जोडली जाताहेत ती सगळी शेवटाला जोडली जाताहेत... गुडघे गेलेली, नजर गेलेली, कुणाच्या तरी हाताने जेवायची वर्षं. ती वर्षं धड कशी जातील यावर कुणाला काम करायचं नाही, सगळ्यांना फक्त ती मोजायची आहेत. गुडगावजवळच्या मानेसरच्या कारखान्यांतल्या मजुरांचे आकडे आले की ते कागद बाजूला सारत. तिथे शेवटाला जोडायलाही फार काही नसतं, एवढंच म्हणाले होते.

त्याच काळात एकदा जेवताना त्यांनी सांगितलं की नवरा गेला तर बाई सावरते, पण बायको गेली की पुरुष लवकर जातो, आणि त्यातही पहिलं वर्ष सगळ्यात वाईट. ते वर्ष निघालं की मग बऱ्यापैकी तग धरतात. ताई वरण वाढत होती. "म्हणजे मी आधी जायचं नाही, एवढंच ना?" "तू जाणारच नाहीस आधी," ते म्हणाले. इतक्या सहजपणे, जसं कुणी उद्या सोमवार आहे म्हणावं. लाख माणसांशिवाय बोलणार नाही म्हणणारा हा माणूस आपल्या घरातल्या एकाच बाईबद्दल इतका खात्रीने बोलला, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ताईला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. कळलं तेव्हाच उशीर झाला होता. आणि तेव्हा दिसलं की भाऊजींनी इतकी वर्षं शिकवलेलं सगळं ताईला येत होतं. हॉस्पिटलचे कागद तिने भरले, विमा कंपनीशी ती बोलली, पहिल्या दोन केमोंना तर स्वतः गाडी चालवत गेली. भाऊजी शेजारच्या सीटवर होते, हाताची घडी घालून. त्यांना मात्र काहीच येत नव्हतं. गॅस कसा पेटवायचा, डाळ कुठल्या डब्यात आहे, दूधवाल्याचं नाव काय, काही नाही. इतकी वर्षं ते बाल्कनीत बसून राहिले होते ना! ताईने हे ओळखलं. थोडं बरं वाटत होतं अशा एका सकाळी तिने पलंगावरून आवाज दिला, "अहो, आज मी नाही." भाऊजी स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ कसलाही आवाज आला नाही. मी बघायला गेले तर ते ओट्याला हात टेकून उभे होते, समोर रिकामं पातेलं. "नलू, तिला सांग हे नको. तिला सांग, मी नापास." ते बाहेर येऊन ताईच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईने माझा हात धरला. "त्यांना पहिलं वर्ष काढून दे. पुढचं ते बघतील, त्यांनीच सांगितलंय." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार... पण मी ते मनापासून म्हटलं होतं.

बुद्धविहारातल्या मंडळींनी ताईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला, माणसं पांगली, आणि माझी दुसरी नोकरी सुरू झाली. रोज ऑफिसला निघण्यापूर्वी फोन: खाल्लं का, फिरायला गेलात का, गोळी घेतली का. शनिवारी मी तिकडे जायची आणि स्वयंपाक शिकवायची. हा माणूस इतका अक्षरशः ऐकणारा की मी 'चिमूटभर' म्हटलं तर "कुणाची चिमूट?" विचारायचा. ओरडले मी त्यांच्यावर कितीदा. तांदूळ धुताना अर्धे सिंकमध्ये जायचे. पण ते शिकले. सकाळी सोसायटीच्या बागेत भाटियासाहेबांबरोबर चालायचे, साखर सोडली, पेपर मोठ्याने वाचायचे, कारण एकट्याचा आवाज बंद पडतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ताईला मी काय कबूल केलंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं. हिवाळा संपत आला तेव्हा एकदा म्हणाले, "नलू, तुझं वर्ष मी पुरं करून देतो. काळजी करू नको." मी विचारलं, "माझं राहू द्या भाऊजी. तुम्हाला जगायचंय का?" त्यांनी विचार केला. ते नेहमी करत, उगाच उत्तर देत नसत. "सकाळी उठल्यावर नसतं वाटत. चहा झाला की थोडं वाटतं." मग मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाले, "हल्ली मी चहा दोनदा करतो."

तर असा हा माणूस. त्याने काहीही टाळलं नाही. लोक म्हणतात बायकोमागे झुरून गेले, त्यांनी जगायचं सोडलं होतं. भाटियाबाईही म्हणाल्या. साफ खोटं आहे. भाऊजी शर्थीने जगत होते, माझ्यासाठी, ताईच्या शब्दासाठी, एकेक दिवस. डॉक्टर म्हणाले, हृदय, काही मिनिटांत संपलं असेल. मी डॉक्टरांना विचारलं, काय चुकलं? ते म्हणाले, "कुछ नहीं. हो जाता है." मला वाटतं भाऊजींनीही हेच सांगितलं असतं, आणि मला तेव्हा त्यांचाही राग आला असता. मी सगळं नीट केलं, त्यांनी सगळं नीट केलं, आणि तरीही ताईला दिलेला शब्द मोडला. हे मला अजून कुणावर ढकलता येत नाही.

घाटावरून परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. भाटियाबाईंनी चहा पाठवला, तो तसाच राहिला. माणसं बाहेरच्या खोलीत बसली होती, मी पाणी प्यायला आत गेले. ओट्यावर कुकर होता, गार झालेला. दुपारी मी येणार म्हणून त्यांनी सकाळीच लावून ठेवला होता. झाकण काढलं. वर वरण, खाली भात, दोघांचा. बाजूच्या ताटलीखाली काकडी चिरलेली, जाडजाड, त्यांच्या हातची. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. उभ्याउभ्याच ताट घेतलं आणि जेवले. बाहेर कुणी विचारत होतं, नलिनी कुठे आहे. माझ्या वाटणीचं संपल्यावर त्यांच्या वाटणीचंही वाढून घेतलं.

नंतर ताईचं वर्ष आलं आणि गेलं. विहारात दोघांच्या नावाने एकदमच वंदना झाली. घराची किल्ली सध्या माझ्याकडे आहे, पण मी तिथून कुकर तेवढा आणला. शनिवारी तो लावते. एका माणसाचा भात त्यात नीट होत नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि दोघांचा लावते. उरलेला रविवारी सकाळी फोडणी घालून खाते.