बब्रुवानची नवी काच

धाराशिवात कचेरीच्या मागच्या गल्लीत बब्रुवान फोटोवाल्याचं दुकान होतं. राज्य निजामाचं, म्हणून पाटीवर उर्दूत उस्मानाबाद लिहिलेलं. बोलताना मात्र बब्रुवानसकट सगळे धाराशिवच म्हणत. सोळा वर्षं या माणसानं गावाला एकच गोष्ट सांगितली होती: हलू नका. शेरवानीतल्या वकिलांना सांगितली, हळदीच्या अंगानं आलेल्या नवरा-नवरीला सांगितली, कडेवरच्या तान्ह्या पोरांनाही सांगितली. पोरं अर्थातच ऐकत नसत.

त्याचा तरी काय दोष? त्याच्या कॅमेऱ्याची जुनी काच फार मंद होती. काचेवरचं टोपण काढायचं, मोठ्यानं एक ते चार म्हणायचं आणि टोपण परत लावायचं, असा तिचा कारभार. तेवढ्या वेळात नाकावर माशी बसली तरी समोरच्यानं दगड होऊन राहायचं. त्यामुळं बब्रुवानच्या फोटोत सगळं धाराशिव भेदरलेलं दिसायचं. लोकांना वाटे, फोटोत असंच दिसायचं असतं.

या काचेपुढं कधीच न टिकलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका बब्रुवानचा सासरा निघाला. गोरोबा येडशीचा. जंगल खात्यात चौकीदार म्हणून रामलिंगाच्या रानात त्याची हयात गेली. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला, मग डाव्या हाताला, मग मानेला. आता म्हातारा बसल्या जागी सारखा 'नाही, नाही' म्हणत असल्यासारखा दिसे. बब्रुवाननं त्याचा फोटो तीनदा काढला होता. पहिल्यात दोन नाकं आली, दुसऱ्यात चेहऱ्याच्या जागी पुसलेली पाटी, आणि तिसऱ्यात फेटा तेवढा बरा आला होता. गोरोबा तिन्ही वेळा पोट धरून हसला.

त्याची मुलगी शिवकांता, म्हणजे बब्रुवानची बायको, मात्र हसली नाही. "सगळ्या गावाचे फोटो काढलाव," ती नवऱ्याला म्हणाली, "आन् माझ्या बापाचा एक न्हाय. उद्या त्येंचं काय बरं-वाईट झालं तर म्या लेकरांना काय दाखवू? फेटा?" बब्रुवानला हे इतकं लागलं की त्या दिवशी त्यानं जेवण अर्ध्यावर सोडलं. ही गोष्ट त्याच्या बाबतीत क्वचित घडे.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत सोलापूरच्या एका फोटोवाल्यानं धंदा आवरला, आणि त्याची जर्मन काच बब्रुवानच्या हाती आली. तिच्या बदल्यात बब्रुवाननं आपली सायकल दिली. सायकल देताना डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात, पण मोटारतळापर्यंत पायी येताना तो शीळ घालत होता, हेही लोकांनीच पाहिलं. काच होतीच तशी. भरपूर उजेड पिणारी, आणि तिच्या पोटातच एक चाप बसवलेला. चाप दाबला की काचेचा डोळा पापणी लवायच्या आत उघडून मिटे. एक ते चार मोजायचं कामच नाही! माणूस हलो, डुलो, नाचो, तो जिथल्या तिथं धरला जाणार. बब्रुवाननं त्या रात्री ती काच उशाशी घेतली आणि शिवकांतेनं आपलं अंथरूण भिंतीकडं सरकवलं.

दसऱ्याआधीच्या एका सकाळी नवरा-बायको येडशीला उतरले. लढाईमुळं फोटोच्या प्लेटा मिळत नव्हत्या, आणि एका फोटोला एक प्लेट लागे. सगळीकडं हातापाया पडून बब्रुवाननं सहा जमवल्या होत्या. बेत ठरलेला होता. गोरोबाला घेऊन रामलिंगाच्या रानात जायचं, चांगल्या उन्हात काच पारखायची, आणि सहातल्या दोन प्लेटा काही झालं तरी गोरोबासाठी राखायच्या. तशी शपथच शिवकांतेनं नवऱ्याला घातली होती.

"पैल्यांदा तुमचाच काढू, मामा," बब्रुवान सासऱ्याला म्हणाला.

"न्हाय न्हाय," गोरोबा म्हणाला. त्याची मान तेच म्हणत होती. "आधी काच चालती का बगा. येकदम माझ्यावर कशाला घालताव तिला? बिचारी नवी हाय."

आणि काय सांगावं, बब्रुवानला तेवढंच निमित्त पुरलं!

रान त्या दिवशी अंघोळ करून बसलेलं होतं. ओढा भरून वाहत होता, गवत कमरेला लागत होतं आणि प्रत्येक झाडावर काही ना काही ओरडत होतं. खांद्यावर तीन पायांचं लाकडी तिकाटणं, पाठीवर कॅमेऱ्याची पेटी आणि गळ्यात काळं कापड अशा थाटात बब्रुवान सगळ्यांच्या पुढं. त्याच्या मागं काठी टेकत गोरोबा, आणि शेवटी भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलेली शिवकांता. काठीसुद्धा थरथरत होती, पण पाऊल कुठं टाकायचं हे म्हाताऱ्याच्या पायांना पाठ होतं.

धबधबा दिसला आणि बब्रुवाननं तिकाटणं रोवलं. इतकी वर्षं त्याच्या फोटोत पाणी म्हणजे पांढरं धुकं यायचं. आज थेंबन् थेंब वेगळा येणार होता! कापडात डोकं घालून त्यानं मागच्या दुधी काचेवर चित्र जुळवलं, बाहेर आला, प्लेटीची डबी सरकवली, डबीचा पडदा ओढला आणि चाप दाबला. 'टिक' असा आवाज झाला. एवढाच. बब्रुवान एखादं गुपित कळल्यासारखा हसला.

"झालं?" शिवकांतेनं विचारलं.

"झालं!" बब्रुवान ओरडला. "अगं, झालं बी!"

मग वानरं भेटली. या काचेत जवळ-लांब करायची सोय नव्हती. चित्रात वानर मोठं हवं असेल तर फोटोवाल्यानंच पाय उचलून वानराकडं जायचं. बब्रुवान तिकाटण्यासकट दहा पावलं पुढं गेला, वानर दहा पावलं मागं सरकलं. हा पुन्हा पुढं, ते पुन्हा मागं. असं अर्धं रान दोघांनी मोजलं. शेवटी वानराला कंटाळा आला असावा. ते एका फांदीवर बसून बब्रुवानला न्याहाळू लागलं. टिक. बब्रुवाननं डबी बदलली, वानरानं उडी मारली, तशी पुन्हा टिक. दोन प्लेटा गेल्या तेव्हा हा पठ्ठ्या कापड फडकावत गोल गोल नाचला. गोरोबानं मुलीच्या तोंडाकडं पाहिलं. जावई नाचताना सासऱ्यानं काय बोलावं?

चौथी प्लेट मोरानं घेतली. मोर दिसला की माणसाचं भान सुटतं, त्याला कोण काय करणार! पाचवी खरं तर राखायची होती. पण ओढ्यावर वाकलेल्या फांदीवर एक निळा खंड्या बसला होता, आणि त्यानं नेमका त्याच वेळी पाण्यात सूर मारला. बब्रुवानचं बोट त्याला न विचारताच दाबलं गेलं.

"अवो!" शिवकांता किंचाळली. गाठोडं तिनं खाली टाकलं. "पाखराला दिली? आबांची प्लेट पाखराला दिली? शपथ घातली हुती म्या तुम्हाला!"

"येक हाय अजून," बब्रुवान ओशाळून म्हणाला.

"आन् ती बिघडली तर?"

बब्रुवानच्या अंगातलं वारं तिथंच ओसरलं. एक प्लेट. पुन्हा प्लेटा कधी मिळतील देव जाणे, आणि मामा सत्तरीला टेकलेले. त्यानं गोरोबाला ओढ्याकाठच्या एका सपाट खडकावर बसवलं, फेटा नीट केला, हात गुडघ्यांवर ठेवले. हात थांबेनात. फोटो म्हटल्यावर म्हातारा अवघडला आणि मान आणखीच हलू लागली.

बब्रुवाननं कापडात डोकं घातलं, चित्र जुळवलं, बाहेर आला, डबी सरकवली, पडदा ओढला आणि चापावर बोट ठेवलं.

"जावईबापू," गोरोबा खडकावरून म्हणाला, "राग येनार नसंल तर येक इचारू?"

"इचारा की, मामा."

"त्या काचंवरचं टोपान. ते ह्या येळंला तरी काढायचं का न्हाय?"

बब्रुवाननं वाकून काचेकडं पाहिलं. टोपण घट्ट बसलेलं होतं.

सोळा वर्षांच्या हातानं दगा दिला होता. जुन्या काचेला डबी सरकवण्याआधी टोपण लावावंच लागे, आणि ते काढलं की फोटो सुरू होई. लावायची सवय हातात तशीच राहिली होती. काढायचं काम मात्र आता चापाकडं गेलं होतं, म्हणून टोपण कुणीच काढलं नव्हतं. धबधबा, वानर, वानराची उडी, मोर, खंड्या, सगळे फोटो बब्रुवाननं झाकलेल्या डोळ्यानं काढले होते.

"आबा!" शिवकांता बापाकडं वळली. "तुमी कवा बगितलं हे?"

"पैल्याच टायमाला. पान्याजवळ."

"मग बोलला का न्हाईत?"

"जावायाची चूक काढू व्हय? त्ये बी तुझ्या म्होरं?" गोरोबा म्हणाला. "आन् म्या म्हनलं, जर्मन काच हाय. टोपनातून बी दिसत आसंल तिला."

बब्रुवाननं टोपण काढलं आणि ते हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग त्याच्या पोटातून हसू वर आलं. त्याला ते आवरेना. तो तिकाटण्याला धरून हसला, शिवकांता रागावायचं विसरून खाली बसून हसली, आणि तिकडं खडकावर गोरोबा दातांच्या तीन खुंट्या दाखवत असा हसत सुटला की मान, हात, फेटा, मिश्या, सगळंच हलायला लागलं. बब्रुवानचं बोट चापावर गेलं. चुकलं तर संपलं.

"हलू नका!" त्याच्या तोंडून सवयीनं निघालं.

गोरोबा एकदम ताठ झाला. श्वास धरून तो डोळे वटारून बसला, अगदी धाराशिवच्या वकिलांसारखा.

"न्हाय, न्हाय! माझं ऐकू नका, मामा!" बब्रुवान जिवाच्या आकांतानं ओरडला. "हला! पायजे तेवढं हला!"

"आरं, ह्यो जावई का इदूषक!" म्हणून म्हातारा पुन्हा फसकन हसला, आणि चाप वाजला.

परतीच्या मोटारीत गोरोबाही बसला. धाराशिवला त्याचं काही काम नव्हतं, पण घरी थांबवेना. डबी बब्रुवानच्या मांडीवर होती आणि रस्ता खड्ड्याचा, त्यामुळं शिवकांता वाटभर ड्रायव्हरला शिव्या मोजत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत सहाही प्लेटा धुतल्या. पहिल्या पाच खिडकीला बसवाव्यात इतक्या स्वच्छ निघाल्या. सहावीवर काळं-पांढरं काहीतरी होतं. बब्रुवाननं ती फोटोच्या कागदाला लावून चौकटीत अडकवली, चौकट अंगणातल्या उन्हात ठेवली आणि तिघं तिच्याभोवती उकिडवे बसले. कागद हळूहळू तांबूस झाला, मग त्यावर फेटा आला. शिवकांतेनं पदराचा बोळा तोंडात धरला. फेट्याखाली मिश्या आल्या, तीन दात आले, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या एकेक करून आल्या. नाक एकच होतं. गुडघ्यावरच्या हाताची पाच बोटं वेगवेगळी मोजता येत होती.

"आलं!" बब्रुवाननं बायकोला भर अंगणात उचललं. शेजारपाजार बघत होता, पण त्याला कुठं शुद्ध होती!

धुऊन वाळवलेला फोटो गोरोबानं हातात घेतला. हात हलत होता, त्याबरोबर फोटो हलत होता, आणि म्हाताऱ्याला त्यात काही दिसेना. शेवटी बब्रुवाननं ओट्यावर एक पाट उभा केला आणि फोटो त्याला टेकवला.

गोरोबा समोर मांडी घालून बसला. बारा वर्षांत त्याला आरशातसुद्धा आपला चेहरा असा एका जागी सापडला नव्हता. मान हलत होती, तरी डोळे त्या हसणाऱ्या, स्थिर माणसावरून निघत नव्हते.

मग त्यानं दोन्ही थरथरते हात मोठ्या कष्टानं जोडले.

"रामराम, पाव्हणं," तो फोटोला म्हणाला. "लई वर्सांनी आलाव. बसा आता निवांत."