माळ्यावरची चौथी

बाबली मेस्त्रीने चाळीस वर्षं गलबतं बांधली, घर मात्र एकही नाही. त्याचं स्वतःचं घरसुद्धा शिवा सुताराने बांधलेलं, आणि त्याचा दरवाजा जन्मभर कुरकुरत राहिला. मेस्त्रीला त्याचं काही नव्हतं. जे तरंगत नाही त्यात त्याचा जीवच रमत नसे.

अशा माणसाला एकोणीसशे छपन्नच्या चैत्रात नर्मदेने घरी बोलावलं. तिची सीता तिसरी पास झाली होती. चौथीचा वर्ग खाडीपलीकडे, आणि होडीतून मुली धाडायला गावात कोणी तयार नव्हतं. गुरुदास मास्तर म्हणाले होते, तीस पोरं बसतील एवढी खोली मिळाली तर चौथी इथेच भरेल. तेवढी जागा एकच होती, नर्मदेचा माळा. पण माळ्यावर छातीच्या उंचीला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तुळई आडवी गेलेली. शिवाने हात झटकले होते.

"तुळय कापली तर छप्पर भिंतींका भायर ढकलतला."

नवरा आगबोटीवर, घर तिच्या एकटीच्या भरवशावर. तिचाही धीर होईना.

मेस्त्री माळ्यावर चढला आणि अर्धा दिवस उताणा पडून छप्पर बघत राहिला. नर्मदेला वाटलं, म्हातारा झोपला. उतरला तो तडक आपल्या मांगरात, कामाच्या खोपटात, गेला आणि गलबताच्या पोटात बसवतात ती वाकडी लाकडं घेऊन आला. जन्मतःच वाकलेली, कोणी वाकवलेली नव्हेत. खांब आणि वासा भेटतात तिथे त्याने ती एकेक ठोकली, वर उंचावर नवी तुळई जोडली, खाली माळ्याची जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांच्या, म्हणजे कड्यांच्या, मध्ये एकेक नवी कडी सरकवली. हे सगळं झाल्यावर जुन्या तुळईला करवत लावली. नर्मदा जिन्यात उभी. तुळई सुटली, आणि वरचं एक कौल हललं नाही. तिला पाया पडावंसं वाटलं. मेस्त्रीच्या की छपराच्या, ते मात्र कळेना.

आता जमिनीची परीक्षा. तीस पोरांच्या भाराचे सहाशे नारळ गाव वर चढवू लागलं. मेस्त्रीने बरोबर त्याखाली चटई अंथरली.

"भायर बसा, मेस्त्रीनू," नर्मदा म्हणाली.

"होडी पयल्यांदा पाण्यात जाता तेवा बांधणारो आत बसता."

नर्मदा तांदूळ निवडायचं सूप घेऊन त्याच्यापासून चार हातांवर बसली. जिथे आपल्याला खाली बसवत नाही, तिथे वर लोकांची पोरं कशी बसवायची?

शेवटच्या शंभरात वर कडाड् झालं. ओसरीवरची माणसं अंगणात पळाली, शिवा सगळ्यांच्या पुढे. मेस्त्रीने नुसता कान दिला.

"लाकूड जाग्यार बसला," तो म्हणाला.

नर्मदाही जागची उठली नव्हती. अंगणात सीता रडत होती.

"रडतंस कित्याक गो?" नर्मदेने आतूनच हाक दिली. "जा, मास्तरांका सांग, चौथी हंयच भरतली."